आपल्या नोडमधल्या डॉक्टरांनी पेशंटचं रेकॉर्ड एकमेकांना कसं द्यायचं

हे मुख्यतः छोट्या लोकांसाठी लिहितोय. एकट्याचा दवाखाना, दहा-वीस बेडचं नर्सिंग होम, सेक्टरमधली पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी सेंटर वगैरे. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांकडे आयटीवाल्यांची फौज असते, त्यांचं ते बघून घेतील. मी नवी मुंबईत कोपरखैरण्यात (इथे अशा एकेका वसाहतीला नोड म्हणतात) एका नर्सिंग होमचं ऑफिस सांभाळतो, त्यामुळे काउंटरवरून जे दिसतं तेच सांगणार, कॉन्फरन्समधल्या स्लाइडवरचं नाही.

आज परिस्थिती काय आहे, तर प्रत्येकाकडे सॉफ्टवेअर आहे आणि तरी पेशंट हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरतोय. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतात, पेशंट वाशीला फिजिशियनकडे जातो, ते परत शुगर आणि क्रिएटिनिन म्हणजे किडनीची टेस्ट लिहितात कारण मागच्या आठवड्याचा रिपोर्ट घरी राहिला, मग अ‍ॅडमिशन झालं तर डिस्चार्ज कार्ड मेडिक्लेमच्या फायलीत जातं आणि ज्या फॅमिली डॉक्टरने पाठवलं त्यांना पेशंटला स्टेंट बसला हे दोन महिन्यांनी खोकल्याच्या औषधाला आल्यावर कळतं. हे थांबवायचं असेल तर पहिलं काम सॉफ्टवेअर घ्यायचं नाहीये. पहिलं काम म्हणजे ज्यांच्यात पेशंट खरोखर फिरतात ती माणसं शोधून एका टेबलाभोवती बसवणं.

कुणाला बोलवायचं हे आपल्या ओळखीवरून ठरवू नका, मागच्या महिन्याभराच्या चिठ्ठ्यांवरून ठरवा. कुठल्या डॉक्टरांनी आपल्याकडे पाठवलं, आपण कुठे पाठवलं, रिपोर्ट कुठल्या लॅबचे आले, एवढं वहीत मांडलं की चार-पाच नावं आपोआप वर येतात. साधारण दोन फॅमिली डॉक्टर, एक फिजिशियन, एक लॅब, एक नर्सिंग होम एवढ्यावर सुरू करा. सुरुवातीलाच असोसिएशनच्या सगळ्या मेंबरांना घ्यायला गेलात तर पहिली मीटिंग खर्च कोण करणार यावर संपेल आणि दुसरी होणारच नाही. वेळ रविवारी दुपारची ठेवा, संध्याकाळची ओपीडी कुणी सोडत नाही.

आणि हो, एक गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही ती पहिल्याच मीटिंगला बोलून टाका. फॅमिली डॉक्टरला धास्ती असते की सगळा इतिहास पुढे गेला की पेशंट तिकडचाच होईल. कन्सल्टंटला वाटतं आपलं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याने बघून नावं ठेवावीत कशाला. लॅबवाल्याला भीती, की जुना रिपोर्ट दिसला तर परत टेस्ट कोण करणार. तिघांचंही अगदी चुकीचं नाहीये. यावर आमच्या इथे चालणारा तोडगा असा, की फॉलोअपचा पेशंट पाठवणाऱ्याकडे परत जाईल आणि सोबत डिस्चार्ज समरी जाईल हे लिहून ठेवायचं. लिहून म्हणजे एका कागदावर, सह्यांसकट.

त्याच कागदावर काय काय द्यायचं तेही ठरवा. सगळंच देऊ म्हणणारे शेवटी काहीच देत नाहीत असा माझा अनुभव आहे. सुरुवातीला एवढं पुरे: अ‍ॅलर्जी, चालू औषधं, मोठे आजार आणि ऑपरेशनं, शेवटचे महत्त्वाचे रिपोर्ट, आणि अ‍ॅडमिट झाला असेल तर डिस्चार्ज समरी. यातली चालू औषधं ही सगळ्यात कटकटीची आणि सगळ्यात कामाची. औषध ब्रँडच्या नावाबरोबर जेनेरिक नावाने आणि डोससकट लिहिलंच पाहिजे. का, तर फिजिशियनने बीपीची गोळी एका कंपनीची लिहिली, फॅमिली डॉक्टरकडे तीच गोळी दुसऱ्या कंपनीची चालू होती, डब्याचा रंग वेगळा, नाव वेगळं, म्हातारी दोन्ही घेते आणि मग चक्कर येऊन पडते. दोन्ही डॉक्टरांच्या स्क्रीनवर ‘अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम’ असं दिसलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का नाही हे तर वेगळ्या ओळीत सगळ्यात वर घ्या, दात काढायला गेलेल्या पेशंटसाठीसुद्धा ते लागतं.

आता सरकारी रस्ता. आयुष्मान भारत डिजिटल मिशन, एबीडीएम, देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये, चालवते नॅशनल हेल्थ अथॉरिटी. बऱ्याच डॉक्टरांचा समज आहे की यात सगळा डेटा दिल्लीला जाऊन एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसतो. तसं नाहीये. रेकॉर्ड जिथे तयार झालं तिथेच राहतं, तुमच्याकडचं तुमच्याकडे, लॅबचं लॅबकडे. दुसऱ्याला हवं असलं की तो विनंती पाठवतो, पेशंट परवानगी देतो, आणि मग रेकॉर्ड एन्क्रिप्ट होऊन एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मधे जो कन्सेंट मॅनेजर आहे तो परवानगीचा निरोप पोचवतो, आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. हे मीटिंगमध्ये नीट सांगा, अर्धा विरोध तिथेच मावळतो.

त्यासाठी दोन नोंदणी लागतात. डॉक्टरांची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत, म्हणजे एचपीआर, आणि जागेची हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत, म्हणजे एचएफआर. दवाखाना, लॅब, नर्सिंग होम, सोनोग्राफी सेंटर, मेडिकल स्टोअर सगळ्यांना एचएफआरमध्ये जागा आहे, आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांनासुद्धा. डॉक्टरांना आधार आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट लागतं, ते आधीच स्कॅन करून ठेवा. नर्सिंग होमचं नाव महापालिकेच्या रजिस्ट्रेशनवर जसं आहे तसंच टाका, बोर्डावर वेगळं आणि कागदावर वेगळं असा प्रकार आपल्याकडे फार आहे आणि व्हेरिफिकेशन तिथेच अडकतं.

सॉफ्टवेअरवाल्याला काय विचारायचं ते आता. तो सांगणार ‘सर आपण एबीडीएम कम्प्लायंट आहोत’. हे वाक्य ऐकून चेक फाडू नका. एबीडीएममध्ये तीन टप्पे असतात, एम-वन, एम-टू, एम-थ्री. एम-वन म्हणजे नुसतं आभा नंबर, म्हणजे पेशंटचा एबीडीएममधला ओळख नंबर, बनवणं आणि तपासणं. एम-टू म्हणजे तुमच्याकडचं रेकॉर्ड पेशंटच्या आभाला जोडून दुसऱ्याला देता येणं. एम-थ्री म्हणजे दुसऱ्याकडचं मागवून बघता येणं. नुसतं एम-वन झालेलं असलं तरी ब्रोशरवर तिरंगी लोगो छापलेला असतोच. तुम्हाला टू आणि थ्री दोन्ही हवेत, आणि तेही टेस्टिंगच्या सँडबॉक्समधलं नको, खरं चालू असलेलं हवं. माणसाला समोर बसवा, तुमचा स्वतःचा आभा द्या, एक खोटं ओपीडीचं पान नको, खरं तुमचंच बीपी घेऊन पान बनवायला सांगा, ते तुमच्या मोबाइलवरच्या आभा अ‍ॅपमध्ये दिसलं पाहिजे. मग लॅबच्या सॉफ्टवेअरवरून तेच मागवून दाखव म्हणावं. उद्या-परवा दाखवतो म्हणाला तर पैसेही उद्या-परवा.

अजून दोन प्रश्न, जे सही करायच्या आधी विचारायचे, नंतर विचारले तर उत्तर बदलतं. सॉफ्टवेअर सोडलं तर आमचा सगळा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि किती दिवसांत परत मिळेल? आणि देवाणघेवाण एफएचआयआरमध्ये होते का? हा एफएचआयआर म्हणजे रेकॉर्डचा ठरलेला साचा, एबीडीएममध्ये तोच वापरतात, भारतासाठीचे त्याचे नमुने पुण्याच्या सी-डॅकमधल्या नॅशनल रिसोर्स सेंटरने बनवलेत. प्रिस्क्रिप्शन, ओपीडीचं पान, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, लसीकरण असे प्रत्येकाचे वेगळे. आजारांच्या कोडसाठी स्नोमेड सीटी भारतात फुकट वापरता येतं, त्यामुळे त्याचे पैसे कुणी लावत असेल तर हसून नाही म्हणा.

पीडीएफचं काय, असा प्रश्न येतोच. पीडीएफ पाठवता येतं आणि सुरुवातीला पाठवाही, डिस्चार्ज कार्ड तसंच गेलं तरी चालतंय, काहीच न जाण्यापेक्षा बरं. फक्त औषधं, अ‍ॅलर्जी आणि लॅबचे आकडे हे चौकटीत भरलेले पाहिजेत, कारण पीडीएफमधला आकडा मागच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही. आणि लॅबने युनिट लिहिलंच पाहिजे. क्रिएटिनिन ८८ बघून कुणाचीही झोप उडेल, पण ते मायक्रोमोल प्रति लिटर असेल तर आपल्या नेहमीच्या मापात, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, साधारण १.० होतं, म्हणजे नॉर्मल. मोबाइलवर तिरका काढलेला, अंगठा आलेला, वरची तारीख कापली गेलेला प्रिस्क्रिप्शनचा फोटो अपलोड करू नका. तारीख नसलेलं प्रिस्क्रिप्शन रेकॉर्डमध्ये असणं हे नसण्यापेक्षा वाईट, कारण पुढचा डॉक्टर ते चालू धरतो.

एक्सरे, एमआरआयच्या इमेजचं थोडक्यात: त्या डायकॉममध्ये, म्हणजे इमेजच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये असतात, फायली जड, त्यामुळे सुरुवातीला फक्त लेखी रिपोर्ट जोडा आणि इमेज हवी असेल तर सेंटरच्या लिंकवर बघा.

आता काउंटर. सगळं इथेच जमतं किंवा फसतं. आभा नंबर १४ आकडी असतो, आणि त्याच्याबरोबर ईमेलसारखा दिसणारा आभा अ‍ॅड्रेस. आभा काढणं ऐच्छिक आहे, आभा नाही म्हणून पेशंटला परत पाठवायचं नाही, हे रिसेप्शनवरच्या मुलीला नक्की सांगा, कारण गर्दीत ‘आभा काढा मगच केसपेपर’ असं बोललं जातं. आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि आपल्याकडे तो मोबाइल निघतो मुलाचा, मुलगा असतो एपीएमसी मार्केटमध्ये गाडी खाली करायला, फोन उचलत नाही, मागे लाइन लागलीय. म्हणून सोमवारी सकाळच्या गर्दीत आभा काढायच्या भानगडीत पडूच नका, दुपारी किंवा डॉक्टरांची वाट बघत बसलेल्यांचं काढा. ज्याच्याकडे आधीच आभा अ‍ॅप आहे त्याने काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला की नाव-पत्ता-वय थेट स्क्रीनवर येतं आणि टोकन मिळतं, हे स्कॅन अँड शेअर खरंच चांगलं आहे, टायपिंग वाचतं.

टायपिंग वाचण्यापेक्षाही मोठा फायदा नावाचा. आपल्याकडे एका बाईचं नाव आधारवर आडनाव आधी, लॅबमध्ये नुसतं नाव आणि आडनाव, नर्सिंग होममध्ये मधे नवऱ्याचं नाव, आणि जुन्या फायलीत माहेरचं आडनाव. वर इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, शिंदेमध्ये शेवटी ई लावायचा की नाही यावर एकाच घरात मतभेद. पाटील, शिंदे, मोरे, जाधव या आडनावांचे तर एकाच सेक्टरमध्ये एकाच नावाचे दोन-तीन पेशंट सहज असतात. त्यामुळे नुसत्या नावावर रेकॉर्ड कधीच जोडायचं नाही. आभा असेल तर आभा, नसेल तर नाव, जन्मतारीख आणि मोबाइल तिन्ही जुळले तरच, आणि मोबाइल अख्ख्या घराचा एकच असतो हे लक्षात ठेवून. नवऱ्याचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, बायकोच्या रेकॉर्डला लागला तर त्यावरून गोळी वाढेल. शंका आली की जोडू नका, डुप्लिकेट म्हणून बाजूला ठेवा, संध्याकाळी शांतपणे बघा.

परवानगी घेताना. विनंतीत कशासाठी हवं, कुठल्या प्रकारचं रेकॉर्ड, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत आणि परवानगी कधी संपणार हे सगळं भरावं लागतं. बरेच जण डिफॉल्ट ठेवतात, सगळे प्रकार, सगळी वर्षं. ते करू नका. सर्दी-तापाच्या पेशंटची दहा वर्षांची हिस्ट्री मागून काय करणार. पेशंटला परवानगी कमी करता येते, नंतर काढूनही घेता येते, आणि हे त्याला मराठीत एका वाक्यात सांगायचं: ‘काकू, तुमचे जुने रिपोर्ट डॉक्टरांना बघायचेत, मोबाइलवर विचारेल, तुम्ही हो म्हटलंत तरच दिसतील, नंतर बंदही करता येतं.’ आणि मग फोन त्यांच्या हातात द्या. आपणच त्यांचा फोन घेऊन हो दाबायचं हे सर्रास चालतं, ते बंद.

काही रेकॉर्ड मात्र आपल्या ठरलेल्या यादीत आपोआप जाता कामा नयेत. एचआयव्हीची माहिती २०१७ च्या कायद्याप्रमाणे पेशंटच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, मानसिक आजाराच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क त्याच वर्षीच्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये आहे, आणि गर्भपाताची गुप्तता एमटीपी कायद्यात. घरातल्या सगळ्यांचा मोबाइल एक आणि अ‍ॅप सुनेचं सासूने उघडलं तर काय होईल याचा विचार करा. या तिन्हीसाठी आमचा नियम असा, की डॉक्टर स्वतः पेशंटशी एकट्याने बोलल्याशिवाय रेकॉर्ड जोडायचं नाही. सिस्टर किंवा काउंटरने ठरवायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं खोटं वाटेल, कारण आज खरी देवाणघेवाण तिथेच होते. ईसीजीचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, साहेबांनी ‘शिफ्ट करा’ लिहिलं, पेशंट वाचला. याला नावं ठेवणाऱ्याने रात्री दोनला छातीत दुखणारा पेशंट बघितलेला नसतो. पण तोच फोटो नाव-वय-बेड नंबरसकट साठ जणांच्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो, त्यात नोकरी सोडून गेलेला आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर असतो आणि औषध कंपन्यांचे दोन एमआरसुद्धा असतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आलाय, डेटा नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्याला तेवढा लागणार नाही हो, पण फुटलं तर पेशंटला कळवावं लागणार आणि त्याच सेक्टरमध्ये तोंड दाखवायचंय. तर इमर्जन्सीत फोटो पाठवायचा असेल तर ग्रुपवर न टाकता त्या एका डॉक्टरला पाठवा, नाव झाका, आणि सकाळी तोच ईसीजी रेकॉर्डमध्ये रीतसर टाका. दुसरा भाग सगळे विसरतात.

आता एक अगदी साधी अडचण, जी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. डेटा तुमच्याकडे राहतो म्हणजे दुसऱ्याने मागितला तेव्हा तुमचं मशीन चालू असावं लागतं. काही जणांचं सॉफ्टवेअर अजून काउंटरच्या पीसीवरच आहे. रात्री दहाला मावशी झाडलोट करून मेन स्विच बंद करतात आणि साडेअकराला वाशीच्या फिजिशियनने केलेली विनंती तशीच लटकते, त्यांना वाटतं यांचं सिस्टीम भंगार आहे. एकतर क्लाउडवर जा, नाहीतर तो पीसी इन्व्हर्टरवर घेऊन स्विचवर लाल टेप लावा. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं हवं, ‘रिसेप्शन’ नावाचं एक लॉगिन आणि मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड असेल तर कुणी काय उघडलं ते कधीच कळणार नाही. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी पगाराच्या हिशोबाबरोबर लॉगिन बंद. नेट गेलं तर काय याचाही कागद तयार ठेवा: जुन्या पद्धतीचा छापील केसपेपर, त्यावर आभा नंबरची चौकट, नेट आल्यावर त्याच दिवशी एंट्री.

आणि कागद लगेच फेकू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवावं लागतं, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. मेडिको-लीगल, म्हणजे पोलिस-कोर्टाशी संबंध येणारी केस असेल तर जास्तच ठेवा. रेकॉर्ड देताना काउंटरवर जे तोंड वाकडं केलं जातं त्याला नियमात कुठेही आधार नाही.

चालतंय की नाही हे बघायला किती आभा काढले हा आकडा काही कामाचा नाही, तो मिरवायला असतो. महिन्याच्या शेवटी गटातल्या दोन जागांमध्ये गेलेले दहा पेशंट काढा आणि एवढंच बघा: रेकॉर्ड पोचलं का, समोरच्या डॉक्टरने ते उघडलं का, आणि औषधांची यादी दोन्हीकडे एकच आहे का. उघडलंच नसेल तर फोन करून विचारा का नाही उघडलं. बहुतेक वेळा उत्तर असतं की चार क्लिक लागतात आणि बाहेर तीस पेशंट बसलेत. मग सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागून ती यादी पहिल्याच स्क्रीनवर आणून घ्या, किंवा डॉक्टरांच्या आधी असिस्टंटने उघडून ठेवायची सवय लावा. नवीन मेंबर या दहापैकी बहुतेक उत्तरं हो यायला लागल्यावरच घ्या.

राहिला गावाकडचा प्रश्न. आपल्या भागात माथाडी कुटुंबं खूप, मूळचे साताऱ्या-सांगलीकडचे, म्हातारे आईवडील चार महिने इथे, आठ महिने गावी. गावच्या डॉक्टरांना आपल्या गटात घेता येणार नाही, त्यांच्याकडे कदाचित एबीडीएमचं सॉफ्टवेअरही नसेल. पण रेकॉर्ड आभाला जोडलेलं असेल तर पेशंटच्या किंवा मुलाच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ते उघडतं आणि डॉक्टरांना तसंच दाखवता येतं. म्हणून दिवाळीच्या, यात्रेच्या आधी गावी निघालेल्या पेशंटच्या मुलाला काउंटरवर अ‍ॅप उघडून शेवटची डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी कुठे दिसते ते दाखवा, आणि चालू औषधांचं एक पान मराठीत छापून हातात द्या, एसटीत फोनची बॅटरी संपते.